गवतात बसलेली माणसं

धर्मसिंग नाईक तांडा, ता. सेनगाव
१२ डिसेंबर १९९९

प्रिय सौ. निलमबाईंस,
शिलाचा स. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोहोचलं. पत्त्यात तुमी अजून जि. परभणीच लिहून राहिलात. मे महिन्यात आपला हिंगोली जिल्हा झाला हे तांड्यावरच्या शेळ्यांना बी कळलं, पण वसमतच्या मास्तरांच्या बायकोला न्हाई. पोटातल्या लेकराला तरी बराबर जिल्हा सांगून ठेवा, न्हाई तर ते परभणीतच उतरायचं.

इकडं अर्धा तांडा ऊसतोडीला गेलाय. घरांना कड्या लागल्यात. सकाळी धुकं असतं तेव्हा कोंबडीनं माती उकरली तरी ऐकू येतं, इतकं सामसूम. तुमच्या आईचे, आपल्या याडीचे, गुडघे दुखतात. तरी शेळ्या घेऊन माळावर जाणं सोडत न्हाईत.

लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. गेल्या सोमवारी दुपारी याडी शेळ्या तशाच टाकून घरी आल्या. म्हणाल्या, माळावर माणसं येऊन बसलीत, अंगावर घोंगड्या घेऊन. बोलत न्हाईत. तहानलेली असतील, पाणी नेऊन दे. मी कळशी घेऊन गेले. कुसळीचं गवत कमरेपर्यंत आलंय. वारा न्हाई, माणूस न्हाई. मी हाक मारली. आणि निलमबाई, माझ्या पायाजवळून एक घुबड उठलं. मग त्याच्या बाजूचं. मग उठतच राहिले. लख्ख उन्हात! पंखांचा जरा म्हणून आवाज न्हाई. साधं कबूतर उडालं तरी फडफड होते. हे म्हणजे वाळत घातलेलं लुगडं वाऱ्यानं उचलावं तसं. थोडं पुढं जाऊन परत भुईवरच बसले आणि मान फिरवून माझ्याकडं बघू लागले. तोंड गोल, माणसासारखं. डोळे पिवळे आणि भोवती काळं, रडून काजळ पसरावं तसं. झाडावरचं, देवळातलं घुबड आपण पाहिलेलं आहे. भुईवर बसणारं मी जन्मात पाहिलं न्हाई.

कळशी तिथंच सांडली. घरी आले तर याडींनी विचारलं, प्याली का पाणी? मी व्हय म्हणाले. दुसरं काय सांगू?

मास्तरांना विचारून कळवा, ही कोणती पाखरं. जड काही उचलू नका. माया आहे तशी घट्ट राहू द्या.

तुमची,
शिला


वसमत
२० डिसेंबर १९९९

ती. सौ. शिलावहिनीस,
निलमचा शि. सा. न. वि. वि.

घे, पत्त्यावर मोठ्या अक्षरात हिंगोली लिहिलंय. आता तरी खूश?

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चहा गार होईपर्यंत. मग शाळेच्या ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि माझ्यापुढं धरलं. त्यात आखूड कानाचं घुबड म्हणून चित्र आहे, ते अगदी तुझ्या वर्णनासारखं. ही पाखरं हिमालयाच्या पलीकडून, पार उत्तरेकडून थंडीत खाली येतात. झाडावर बसत नाहीत, गवतात बसतात, दिवसाही उडतात. जिथं उंदीर जास्त तिथं त्यांचा मुक्काम. होळीच्या सुमाराला परत जातात. आपल्या भागात फार कुणाला दिसत नाहीत म्हणे. ह्यांना तुझा हेवा वाटून राहिला. रविवारी येतो म्हणत होते. मी म्हटलं, डॉक्टरांनी मला अंथरुणावरून उठू नको सांगितलंय आणि तुम्ही बायको सोडून घुबडं बघायला निघालात! तेव्हा पिशवी परत खुंटीला लावली.

वहिनी, आता एक दुसरी गोष्ट. तुझा भाऊ नरसिंग इथं आला होता. म्हणाला, देविदासला जाऊन सहा हिवाळे झाले, तो काही येत नाही, बहिणीला मी जवळा बाजारला घेऊन जातो, दुकान आहे, दोन खोल्या आहेत. मी देविदासची सख्खी बहीण असून मला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडं पाहुणचार घेऊन गेलेला माझा भिया घरी पोहोचला नाही, एवढंच मला माहीत. तूच सांग मी काय म्हणू.

आणि याडी काय काय बोलते ते सगळं लिही. मला जपायचं म्हणून गाळू नको. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
निलम


धर्मसिंग नाईक तांडा
२ जानेवारी २०००

प्रिय सौ. निलमबाईंस,
शिलाचा स. न. वि. वि.

नरसिंगला सांगा, मी येत न्हाई. तुमचे भिया कधी आलेच आणि दाराला कुलूप दिसलं तर? लोक काय म्हणतात ते मला बी ठाऊक आहे. तांड्यावरच्या बाबूसिंगनं ट्रकवर असताना त्यांना वारंगा फाट्यावर पाहिलं, बाई सोबत होती, हैदराबादच्या गाडीत बसले. ती बातमी आली आणि शोधायला निघालेली माणसं अर्ध्या वाटेतून माघारी फिरली. त्या दिवसापासून हळदीकुंकवाला बायका मला बोलावतात बी आणि माझ्या अंगाला लागणार न्हाईत अशा बसतात बी. सवय झाली.

तुमी सगळं लिही म्हणालात, म्हणून लिहिते.

पाखरं वाढली. मास्तरांना सांगा, आता राखी रंगाच्या घारीसारखी दुसरी बी आलीत. बारीक, लांब पंखांची. दिवस मावळायला आला की गवतावरून खाली खाली तरंगत येतात, एकेक करून गवतात उतरतात आणि मग दिसतच न्हाईत, जणू माळ गिळतो. परवा धुक्यात वरून करकोच्यांचा आवाज गेला, खूप येळ. मान दुखेपर्यंत वर पाहिलं, एक बी दिसला न्हाई. 

याडी रोज पदरात भाकरी बांधून नेतात. मी विचारलं तर म्हणाल्या, शेळ्यांना. पण शेळ्या आता त्या बाजूला जातच न्हाईत. माळाच्या मधोमध बोरीचं एक झुडूप आहे, त्याच्या अलीकडंच थांबतात, कितीबी हाका मारा. एक दिवस मी मागं मागं गेले. याडी गवतात बसून आपल्या गोरमाटी बोलीत बोलत होत्या. पाऊस कमी झाला, म्हैस विकली, निलमला दिवस गेलेत. घरातलंच सगळं, हळू आवाजात, जेवायला बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. समोर गवत, आणि गवतात ते गोल तोंड.

आणि आता जे लिहिते ते कुणाला सांगू नका. परवा सांजच्याला मी त्यांना आणायला गेले तेव्हा कोणी तरी खोकललं. दोनदा, मग थांबून घसा खाकरला. तुमचे भिया बिडी विझवल्यावर असेच खोकायचे. याडींनी माझ्याकडं पाहिलं. ऐकलंस का, असं विचारलं न्हाई त्यांनी. नुसतं पाहिलं. मी त्यांचा हात धरून ओढत घरी आणलं आणि दाराला आतून कडी लावली, अजून उजेड होता तरी.

तांड्यावर बी कुजबूज आहे. दोन लेकरं तापानं पडलीत, एक म्हैस गाभडली. घुबडांनी माळ धरला, आता तांडा धरतील, असं म्हातारे म्हणतात. धर्मसिंग नाईकांनी बैठक घेतली. संक्रांत झाली की माळ पेटवायचा ठरलंय.

मला कळत न्हाई, पेटवला तर बरं की वाईट. सांभाळून राहा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची,
शिला


वसमत
९ जानेवारी २०००

ती. सौ. शिलावहिनीस,
निलमचा शि. सा. न. वि. वि.

चार ओळीच लिहिते, बसवत नाही. धर्मसिंगकाकांना ह्यांनी वेगळं पत्र टाकलंय, की माळ पेटवू नका, पाखरं होळीला आपोआप जातील, ताप थंडीचा आहे, डॉक्टरला दाखवा. सोळा तारखेला हे स्वतः येतात.

खोकल्याचं ह्यांना विचारलं, राग मानू नको. ती पाखरं घसा बसल्यासारखी ओरडतात, असं पुस्तकात आहे म्हणे. असेल. पण वहिनी, हे वाचून दाखवत होते तेव्हा ह्यांचा आवाज बारीक झाला होता. सासुरवाडीला पहिल्यांदा आले तेव्हा भियाजवळच झोपले होते ना. तो खोकला ह्यांनाही ठाऊक आहे.

याडीला एकटी सोडू नको. शेळ्या मेल्या तरी चालतील. माझ्या वाटचंही तूच कर, आणि मला रागावणं सोडू नको.

तुझी,
निलम


धर्मसिंग नाईक तांडा
१८ जानेवारी २०००

प्रिय सौ. निलमबाईंस,
शिलाचा स. न. वि. वि.

हे पत्र मास्तरांच्या हाती देते. ते तुमच्याजवळ बसतील तेव्हाच वाचा. त्यांनी तोंडानं सांगितलं असेलच. पण जसं घडलं तसं माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

मास्तर यायच्या आदल्या दिवशीच लोकांनी माळ पेटवायला घेतला. त्यांचं पत्र नाईकांना पोहोचलं होतं. पण एका लेकराचा ताप चढला आणि मग कोणी कोणाचं ऐकेना. दुपारी माणसं कडूलिंबाच्या डहाळ्या आणि टेंभे घेऊन निघाली. मी चुलीपाशी होते. मागं वळून पाहिलं तर याडींची वाकळ रिकामी.

मी पळत सुटले. नाईकांना ओरडून सांगितलं, याडी आत आहेत. त्यांनी लगेच माणसं थांबवली, पण पलीकडच्या अंगाला जवान पोरांनी आग लावून बी झाली होती. धूर माझ्याकडं येत होता. शेळ्या थांबतात त्या जागेपर्यंत मी गेले आणि पाय उचलेना. शेळ्यांना काय दिसतं कोण जाणे. तरी गेले.

याडी बोरीच्या झुडपाजवळ बसल्या होत्या. त्यांच्या भोवती ती पाखरं बसली होती, भुईवर, गोल करून. एवढी आग पेटलेली, एवढा धूर, पण एक बी उडालेलं न्हाई. मी जवळ गेले तशी सगळी एकदम उठली, तशीच, आवाज न करता, आणि माझ्या डोक्यावरून धुरात गेली. एकच राहिलं, याडींच्या समोरचं. ते वर गेलं न्हाई. हातभर उचललं, पंख पसरले आणि खाली गेलं. निलमबाई, मी डोळ्यांनी पाहिलं. ते जमिनीत उडून गेलं.

याडी उठल्या आणि थांब रे म्हणत त्याच्या मागं निघाल्या. मी त्यांचा घागरा धरून मागं ओढलं. दोघी पाठीवर पडलो. त्यांचा पाय जिथं पडायचा होता तिथं नुसतं गवत होतं, खाली काही न्हाई. खालून गार हवा येत होती. एक ढेकूळ घरंगळत गेलं. त्याचा आवाज यायला येळ लागला, आणि आला तो कोरडा.

तेवढ्यात माणसं पोहोचली. त्यांनी डहाळ्यांनी झोडपून आग विझवली. आमच्यापासून थोड्याच अंतरावर ती थांबली. ती जुनी विहीर होती, निजामाच्या वेळची. नाईक म्हणाले, माझा बाप सांगायचा, ती बुजवली म्हणून. बुजवली नव्हती. कठडा ढासळला आणि गवतानं तोंड झाकलं. याडी काठावर बसल्या आणि नाईकांना अगदी शांत बोलल्या, माझं पोरगं खाली आहे, दोर आणा.

कोणी नको म्हणालं न्हाई. धर्मसिंगकाकांचा पुतण्या मोहनसिंग दोराला कंदील बांधून उतरला. मग पहिली वस्तू दोराला बांधून वर पाठवली ती स्टीलचा डबा. मातीनं भरलेला. मी पदरानं पुसला. झाकणावर तुमचं नाव आहे, सौ. निलम, आणि खाली तुमच्या लग्नाची तारीख.

फाट्यावर गाडीतून उतरून तुमचे भिया माळातल्या वाटेनं येत होते. सांज झाली असंल. घर दिसत असंल तिथून. मी चूल पेटवली तर धूर बी दिसतो, मी परवा तिथं उभी राहून पाहिलं. ते कुठं गेले नव्हते, निलमबाई. घरीच येऊन राहिले होते.

पोलीस आले, अस्थी वर काढल्या, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आणि नाईकांनी मिळून अग्नी दिला. मी त्या दिवसापर्यंत रडले नव्हते. बायकांनी माझ्या बांगड्या उतरवायला हात धरला, आणि त्यांनी मला शिवलं, तेव्हा रडायला आलं. 

याडी रडल्या न्हाईत. सगळं झाल्यावर जेवल्या आणि झोपल्या. मी ऐकत बसले होते. असा श्वास मी त्यांचा सहा वर्षांत ऐकला नव्हता.

तुमी जिवाला लावून घेऊ नका. दुसरा जीव आहे. धीर धरा, आणि मला बी द्या.

तुमची,
शिला


वसमत
२१ जानेवारी २०००

ती. शिलावहिनीस,
निलमचा शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हे जवळ बसूनच होते.

त्या डब्यात मी तिळाचे लाडू दिले होते, तुला आवडतात म्हणून. संक्रांत जवळ आली होती. तो लग्नातला डबा, म्हणून भियाला बजावून सांगितलं होतं, रिकामा झाला की परत पाठव, नाही तर बघ. आणि वहिनी, त्याच्या हैदराबादची बातमी आली तेव्हा रागानं मी काय म्हणाले असेन? माझा डबाही त्या बाईच्या घरी गेला, म्हणाले. दर दिवाळीला भांडी घासायला काढली की हेच म्हणायची. मला आता तेच ऐकू येतं.

डबा मला पाठवू नको. तुझाच होता तो खाऊ. तू ठेव.

ह्यांनी आल्यापासून पुस्तक हातात घेतलं नव्हतं. काल घेतलं, बराच वेळ पानं उलटली. एवढंच म्हणाले, ही पाखरं विहिरीत उतरत नाहीत, कुठंच तसं लिहिलेलं नाही. मग ते ग्रंथालयात परत देऊन आले.

नरसिंग तुला न्यायला येईल. आता मी त्याला उत्तर देऊ शकते, पण देणार नाही. तुझं तू ठरव. जाशील तिथं माझी जागा ठेव.

तुझी,
निलम


जवळा बाजार
२६ मार्च २०००

प्रिय सौ. निलमबाईंस,
शिलाचा स. न. वि. वि., आणि नव्या पाहुणीला खूप खूप पापे.

मुलगी झाल्याचा निरोप नरसिंगच्या दुकानातल्या फोनवर आला. त्यानं गिऱ्हाईक सोडून वर येऊन सांगितलं. नाक कुणाचं आहे ते कळवा. मास्तरांचं असंल तर देवाला अजून थोडं मागा.

पत्ता बघून तुमी ओळखलंच असंल. कसं झालं ते सांगते.

विहीर तांड्यानं दगडमाती टाकून भरून काढली. त्या दिवशी बाबूसिंग आला आणि आमच्या दारात बसला. सकाळपासून बसून राहिला, आत या म्हटलं तर येईना. शेवटी म्हणाला, पाठमोरा माणूस होता, शर्ट तसाच होता, मी चेहरा पाहिला नव्हता. एकदा बोलून गेलो आणि मग सगळे मलाच विचारायचे, तर दर वेळी मला तो जास्त बराबर दिसायला लागला. बाई कुठून आली ते मला बी माहीत न्हाई, म्हणाला. मी त्याला शिव्या द्यायच्या ठरवून उठले होते. पण तो सकाळपासून उन्हात बसला होता, म्हणून पाणी दिलं. माफ केलं असं न्हाई. पाणी दिलं.

हळदीकुंकवाचं तर संपलंच. पण बायका आता जवळ बसतात, लेकरं माझ्या मांडीवर टाकून कामाला जातात. आणि मला रोज वाटायचं, आता इथं मी कुणाची वाट बघून राहिले? दाराला कुलूप लागलं तरी कुणाची अडचण होणार? नरसिंगला निरोप दिला, होळी झाली की ये.

याडींना सांगायची हिंमत होत न्हवती. सांगितलं तर म्हणाल्या, जा. तरणी आहेस, जा. आणि शेळ्या हाकत निघून गेल्या. मला वाईट वाटलं, इतक्या लवकर जा म्हणाल्या म्हणून. मी आठ दिवस त्यांच्यासाठी सरपण फोडून ठेवलं, डाळ भरडून ठेवली, शेजारच्या आशाबाईंना रोज डोकावायला सांगितलं. त्या बघत होत्या.

नरसिंग जीप घेऊन आला. मी आत त्यांच्या पाया पडायला गेले तर त्या घरात न्हाईत. तशीच बाहेर धावले. बघते तर जीपमध्ये, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला याडी बसलेल्या! मांडीवर गाठोडं, आणि मागं दोन शेळ्या चढवलेल्या. नरसिंग जमिनीकडं बघत उभा. त्यानं हळूच मला सांगितलं, मी म्हणालो, मावशी, सून माहेरी जाते, सासू कुठं जाते? तर म्हणाल्या, तुझ्या दुकानाला दुधाचा चहा लागत न्हाई का?

तांडा सगळा जमला. नाईकांनी समजावलं, रीत न्हाई, लोक हसतील. याडींनी पदर डोक्यावर घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, चल बाबा, ऊन होतं.

मग मी मागं बसले, शेळ्यांच्या बाजूला.

माळाच्या कडेनं गाडी गेली. पाखरं गेलेली होती. जळलेल्या जागी हिरवे कोंब आलेत. याडींनी तिकडं मान वळवली न्हाई, पण फाट्यापर्यंत त्यांचा हात सीटच्या मागून माझ्याकडं आलेला होता, आणि मी तो धरून होते.

बारशाला दोघी येतो. जवळा बाजारहून वसमत जवळ आहे, आता सबबी चालणार न्हाईत. याडी म्हणतात, पोरीला बाहेर उन्हात घेऊन बसत जा.

आमच्या दोघींची माया तुमच्या तिघांवर आहे. तुमची आमच्याकडं येऊ द्या.

तुमची,
शिला